दूध संकलन केंद्राची सेटिंग फाइल: यॅमल, टॉमल की घरचा फॉरमॅट?

फॅट_एसएनएफ

नमस्कार मंडळी. अकोले तालुक्यातल्या काही दूध संकलन केंद्रांसाठी मी एक छोटं सॉफ्टवेअर सांभाळतो. पायथॉनमध्ये आहे, केंद्रावरच्या जुन्या विंडोज लॅपटॉपवर चालतं, इंटरनेट असलं तर असलं. काट्यावरून लिटर येतात, मशीनवरून फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), प्रोग्रॅम दर लावतो आणि पावती छापतो. दर, कपाती, संकलनाच्या वेळा, पावतीची रुंदी हे सगळं एका सेटिंग फाइलमध्ये आहे. प्रश्न त्या फाइलचाच आहे.

ही फाइल कोण कोण वाचतं ते आधी सांगतो, कारण घोडं तिथेच अडलंय. दर बदलला की तालुक्याचा सुपरवायझर ती नोटपॅडमध्ये दुरुस्त करतो आणि व्हॉट्सॲपवर सगळ्या केंद्रांना धाडतो. केंद्राचा सचिव ती फोल्डरात टाकतो, आणि आपल्या केंद्रापुरती वाहतूक कपात वेगळी असेल तर ती बदलतो. मग तीच फाइल छापून केंद्राच्या भिंतीवर चिकटवली जाते. ही प्रथा मी पाडलेली नाही, सचिवांनी आपणहून पाडली. बिलाच्या दिवशी कोणी "फॅट तेवढंच, मग पैसे कमी का?" असं विचारलं की सचिव भिंतीकडे बोट दाखवतो. तेव्हा महिरपी कंस, अवतरणचिन्हं आणि इंग्रजी शब्द यांची गर्दी असलेली फाइल चालणार नाही. सत्तरीतल्या माणसाला चष्मा लावून वाचता आली पाहिजे.

आत्ता जेसन आहे, म्हणजे माहिती कंसांत आणि अवतरणांत लिहायचा प्रचलित फॉरमॅट. त्यात "हा दर संघाच्या नव्या पत्रकाप्रमाणे" एवढी साधी टीप लिहायला जागा नाही, आणि एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला की फाइल उघडत नाही. सचिव लोक आता स्वल्पविरामाला सापासारखे भितात.

म्हणून यॅमल हा कमी चिन्हांचा दुसरा फॉरमॅट चालवून पाहिला. दिसायला झकास. पण हे बघा (फाइलमध्ये आकडे इंग्रजी होते, इथे देवनागरीत लिहितोय):

सकाळ: ०५:४५
संध्याकाळ: १७:३०
वाहतूक माफ: [००७, ००८, ०१०]

प्रोग्रॅमच्या हातात काय पडलं? सकाळची वेळ "०५:४५" अशी अक्षरं. संध्याकाळची वेळ १०५० हा पूर्णांक. आणि वाहतूक माफ असलेले खातेदार: ७ हा आकडा, "००८" ही अक्षरं, आणि ८ हा आकडा. म्हणजे दहा नंबरचा खातेदार आठ नंबर झाला!

आता मनात आहे ते असं. घरचाच एक साधा फॉरमॅट करावा:

[गाय]
मूळ फॅट: ३.५
मूळ एसएनएफ: ८.५
मूळ दर: ३४.००
फॅट घट प्रति पॉइंट: ०.५०

[वेळा]
सकाळ: ०५:४५ ते ०८:३०
संध्याकाळ: १७:३० ते १९:३०

[कपात]
वाहतूक: ०.७०
कमिशन: २%
उचल वसुली: हो
वाहतूक माफ: ००७, ००८, ०१०

(आकडे नमुन्याचे आहेत, कुठल्या संघाचे नाहीत.) असा फॉरमॅट करावा का, की मी वेड्यासारखं चाक पुन्हा घडवतोय? आणि करायचाच तर "हो", वेळ, आकडा हे फॉरमॅटने ओळखायचं की कसं? देवनागरी आकडे चालू द्यावेत का? जाणकारांनी सांगावं.

---

अर्धविराम

टॉमल घ्या आणि निवांत झोपा. २०१३ मध्ये टॉम प्रेस्टन-वर्नरने सेटिंग फाइलींसाठीच काढलं, जानेवारी २०२१ मध्ये १.० आलं, आणि पायथॉन ३.११ पासून वाचायचं मोड्यूल भाषेसोबतच मिळतं. टिपा लिहिता येतात. एकच नाव दोनदा आलं तर चूक धरतं. ००७ लिहिलंत तर गुपचूप ७ करत नाही, तोंडावर नकार देतं. तारीख आणि वेळ हे प्रकार अंगभूत आहेत.

घरचा फॉरमॅट काढणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की आपला फारच साधा आहे. वर्षभराने कोणीतरी म्हणतं "एका ओळीत दोन दर हवेत", आणि मग तुम्ही कंस आणता.

---

फॅट_एसएनएफ

टॉमल पाहिलं हो. त्यात अवतरणाशिवायच्या नावात फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे, जोडरेघ आणि अधोरेघ चालते. मराठी नाव आलं की अवतरणात घाला. म्हणजे प्रत्येक ओळ अशी होते:

["कपात"]
"वाहतूक" = ०.७०
"उचल वसुली" = "हो"

चालतं सगळं, पण भिंतीवर लावल्यावर मुंग्यांची रांग दिसते. आणि नोटपॅडमध्ये एक अवतरण पुसलं गेलं की पुन्हा तीच रड. नावं इंग्रजीत ठेवावीत तर मग भिंतीवर कशाला लावायची?

---

नोटपॅडवाला

एवढा विचार कशाला, आयएनआय हा विंडोजचा जुना साधा सेटिंग फॉरमॅट आहे की. तुमचा नमुना नव्वद टक्के आयएनआयच आहे. पायथॉनचं कॉन्फिगपार्सर वाचून देईल, मराठी नावांची अडचण नाही, सगळी मूल्यं अक्षरं म्हणूनच हातात येतात, म्हणजे ०१० चं ०१०च राहील. एक ओळ कोड.

---

ऐंशी_कॉलम

थोडं लांबेल, चहा घेऊन बसा. माझं पोटच असल्या फाइलींवर आहे, दुसऱ्यांनी लिहिलेल्या, आणि बहुतेक वेळा रात्री उघडाव्या लागणाऱ्या.

आधी यॅमलबद्दल, कारण त्याने जे केलं तो बिघाड नव्हे. यॅमल १.१ च्या नियमांत साठाच्या पटीने मोजायचे आकडे आहेत. १७ गुणिले ६० अधिक ३०, झाले १०५०. ०५:४५ वाचलं, कारण शून्याने सुरू होणाऱ्या आकड्याला तो नियम लागत नाही. ०१० शून्याने सुरू होतं म्हणून ते अष्टमान पद्धतीतलं धरलं, त्याचे आठ झाले. ००८ मध्ये ८ आहे, तो अष्टमानात नसतोच, म्हणून ती अक्षरं राहिली. सगळं नियमाला धरून! नॉर्वेचा प्रसिद्ध किस्सा याच जातीचा: देशांच्या यादीत नॉर्वेचं दोन अक्षरी चिन्ह इंग्रजी "नो" सारखं दिसतं, आणि देशाच्या जागी "असत्य" येऊन बसतं. २००९ च्या १.२ मध्ये यातलं बरंचसं काढून टाकलं, पण पायथॉनमध्ये सगळे वापरतात ते पाययॅमल अजून १.१ च्याच वळणाने जातं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. मूल्याच्या तोंडाकडे बघून त्याचा प्रकार ठरवायला गेलं की हे होणारच. तुम्ही "हो" आणि "नाही" यांना फॉरमॅटमध्ये खास अर्थ दिलात, तर उद्या शेऱ्याच्या रकान्यात कोणी नुसतं "नाही" लिहील आणि शेऱ्याच्या जागी "असत्य" छापलं जाईल. मराठी नॉर्वे. फॉरमॅटला फक्त अक्षरं कळू देत. "संध्याकाळ" समोर वेळ येते हे तुमच्या प्रोग्रॅमला आधीच ठाऊक आहे, मग १७:३० ची वेळ त्यानेच करावी. "वाहतूक माफ" समोर खाते क्रमांक येतात हेही त्याला ठाऊक आहे, मग ०१० च्या अंगाला त्याने हात लावू नये. ही काही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. स्ट्रिक्टयॅमल आणि नेस्टेडटेक्स्ट हे दोन्ही फॉरमॅट याच पायावर उभे आहेत.

पैसे मात्र फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात, घेऊ नका. पायथॉनचं डेसिमल घ्या. दहा दिवसांच्या बिलात पैशा-पैशाचा फरक निघाला की तुम्हाला आणि सचिवाला दोघांनाही भिंतीपाशी उभं राहावं लागेल.

आता नोटपॅडवाल्यांचं कॉन्फिगपार्सर. सूचना चांगली आहे, पण दोन खड्डे आहेत. तुमच्या फाइलमध्ये "कमिशन: २%" आहे. कॉन्फिगपार्सर मुळात टक्क्याच्या चिन्हाला "इथे दुसरं मूल्य भरा" असं समजतं, आणि ते मूल्य मागितलं की चूक फेकतं. ते बंद करता येतं, इंटरपोलेशन नको म्हणून सांगायचं. दुसरा खड्डा मात्र बुजवता येत नाही: ओळीच्या सुरुवातीला चुकून जागा पडली तर ती ओळ आधीच्या मूल्याची पुढची ओळ समजली जाते. म्हणजे "कमिशन" च्या आधी एक स्पेस पडली की ती अख्खी ओळ वरच्या मूल्याला चिकटते आणि कमिशन फाइलमधून गायब. छापलेल्या कागदावर ती ओळ व्यवस्थित दिसते. माणूस एक वाचतो आणि यंत्र दुसरंच. तुमच्या भिंतीसाठी याहून वाईट काही नाही.

म्हणून, अर्धविराम यांचं म्हणणं मान्य असूनही, तुमच्या बाबतीत घरचा फॉरमॅट करा असं मी म्हणेन. शंभरेक ओळींचा वाचक होईल. पण तुमचा नमुना आहे तसा नको.

पहिली गोष्ट, अपूर्णविराम काढा. लग्नपत्रिकेवर "स्थळः" छापलेलं पाहिलंय ना? तो अपूर्णविराम नाही, विसर्ग आहे. डोळ्यांना दोन टिंबं, युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-क्रमांकांच्या यादीत, दोन निराळी चिन्हं. विसर्गाचा क्रमांक ०९०३, अपूर्णविराम कुठल्याही इंग्रजी कीबोर्डावरचा. मराठी टंकताना लोक सर्रास एकाच्या जागी दुसरा देतात, आणि छापल्यावर ब्रह्मदेवालाही फरक कळणार नाही. "वाहतूकः ०.७०" या ओळीत तुमच्या वाचकाला विभाजक सापडणारच नाही. शिवाय तुमच्या वेळांमध्येही अपूर्णविराम आहे. बरोबरचं चिन्ह घ्या. त्याच्यासारखं दिसणारं मराठीत काही नाही. याच न्यायाने रकाने पाडायला उभी रेघ वापरू नका, ती आणि दंड एकसारखे दिसतात. तारका आणि अधोरेघ यांनाही काम देऊ नका. त्यांना व्हॉट्सॲप ठळक आणि तिरपं करण्याचा अर्थ देतं, आणि कोणीतरी फाइलऐवजी मजकूरच चिकटवून पाठवणार हे नक्की.

दुसरी गोष्ट, नावांची तुलना. "दुसऱ्या" हा शब्द दोन तऱ्हांनी टंकता येतो. एका तऱ्हेत खालच्या टिंबाचा ऱ, हलन्त आणि य. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडक आणि य. "दुसऱ्या" आणि "दुसर्‍या", पडद्यावर जुळे भाऊ. युनिकोडचं जे प्रमाणीकरण आहे, ज्याला एनएफसी म्हणतात, ते सुटा र आणि खालचं टिंब एकत्र करून ऱ करतं, पण या अदृश्य जोडकाच्या वाटेला जात नाही. तीच गत "ॲडव्हान्स" आणि "अॅडव्हान्स" यांची. पहिल्यात ॲ हे एकच चिन्ह आहे, क्रमांक ०९७२, २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत आलेलं. दुसऱ्यात अ आणि वर चंद्र अशी दोन चिन्हं आहेत. एनएफसीच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. तेव्हा नाव ताडून बघण्याआधी एनएफसी करा, मग या दोन जोड्या स्वतः एकसारख्या करा, उरलेले अदृश्य जोडक-तोडक काढून टाका, आणि ओळीने आलेल्या जागा एक करा. हे फक्त नावांसाठी. मूल्यांना हात लावायचा नाही. खातेदाराचं नाव त्याने लिहिलं तसंच पावतीवर आलं पाहिजे.

आकडे: दोन्ही चालू द्या. पायथॉनमध्ये हे फुकट मिळतं, डेसिमलच्या अधिकृत माहितीत तर देवनागरी आकड्यांचा नावाने उल्लेख आहे. जावास्क्रिप्टमध्ये तेच केलंत तर "आकडा नाही" असं उत्तर येईल, म्हणून पुढे कधी मोबाइल ॲप केलंत तर आठवण ठेवा. मात्र एकाच आकड्यात दोन लिप्या आल्या तर नकार द्या. पायथॉन त्याला काही म्हणत नाही, तुम्ही म्हणा. देवनागरी ४ आणि इंग्रजी आठ कागदावर किती सारखे दिसतात हे एकदा छापून पाहा. लाघवचिन्ह म्हणजे "डॉ॰" मधलं ते बारीक वर्तुळ, तेही शून्याच्या जागी येऊन बसतं. त्यालाही नकार.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट ऱ्हस्व-दीर्घ. तुमच्या फाइलमध्ये वाहतूक आहे, सुपरवायझर वाहतुक लिहिणार. मूळ चं मुळ होणार. अनोळखी नावाकडे वाचकाने दुर्लक्ष केलं तर कपात शून्य धरली जाईल आणि कोणाला पत्ताही लागणार नाही. वेलांटी-उकार कसेही चालतील असंही करू नका, मग एकाच फाइलमध्ये दोन्ही लिहिलेले सापडतील. अनोळखी नाव आलं की थांबायचं आणि मराठीत सांगायचं:

ओळ १४: "वाहतुक" हे नाव माहीत नाही. "वाहतूक" लिहायचं होतं का?
ही फाइल वापरलेली नाही. आधीचेच दर चालू आहेत.

जवळचं नाव शोधायला पायथॉनच्या डिफलिबमध्ये तयार फंक्शन आहे. ओळीचा क्रमांक द्या, कॉलमचा देऊ नका. "संध्याकाळ" या शब्दात डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, युनिकोडची चिन्हं नऊ आहेत आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत बाइट सत्तावीस. "कॉलम सात" म्हणजे कुठे, हे तुम्हीही सांगू शकणार नाही.

दुसरी ओळ पहिलीइतकीच महत्त्वाची. पावणेसहाला दूध घेऊन माणसं दारात उभी असतात. फाइल चुकली म्हणून काटा बंद राहता कामा नये, आणि अर्धी फाइल लागू होऊन अर्धी सुटताही कामा नये. पूर्ण तपासून झाली तरच नवी, नाहीतर जुनी.

---

फॅट_एसएनएफ

ताई, विसर्गाचं वाचून लगेच सुपरवायझरच्या जुन्या फाइली शोधल्या. दोन्ही सापडले. आत्तापर्यंत नावं इंग्रजीत होती म्हणून वाचलो.

अजून एक विचारायचं राहिलं. दर आणि वाहतूक एकाच फाइलमध्ये आहेत, त्यामुळे सुपरवायझरची नवी फाइल आली की सचिवाने बदललेली वाहतूक पुसली जाते. मग प्रोग्रॅमनेच जुन्या फाइलमधली वाहतूक उचलून नव्या फाइलमध्ये लिहावी का?

---

ऐंशी_कॉलम

नाही. माणसाने लिहायच्या फाइलमध्ये प्रोग्रॅमने लिहू नये. लिहायला लागला की टिपा, रिकाम्या ओळी, क्रम सगळं जपावं लागतं; त्यासाठी टॉमलला टॉमलकिट आणि यॅमलला रुआमेल अशा वेगळ्या लायब्ररी लोकांनी खास लिहिल्या, यावरून काम किती किचकट आहे बघा. पायथॉनसोबत येणारं टॉमलचं मोड्यूल फक्त वाचतं, लिहीत नाही.

दोन फाइली करा. एक तालुक्याची, एक केंद्राची. केंद्राच्या फाइलमध्ये फक्त [कपात] चालेल, [गाय] आलं तर नकार. भिंतीवर दोन कागद लागतील, पण कोणता आकडा कोणी ठरवला हेही दिसेल. वाद बहुतेक त्याच्यावरूनच होत असणार.

---

अर्धविराम

मी अजून टॉमलच्याच बाजूचा, पण विसर्गाचा मुद्दा मला नवा होता, तो मान्य.

एक आक्षेप मात्र राहतो. प्रकार फाइलमध्ये नसून प्रोग्रॅममध्ये आहेत, म्हणजे उद्या दुसऱ्या कोणी ही फाइल वाचायची म्हटली तर त्याला तुमचा पायथॉन कोड वाचावा लागेल. जेसनची खरी ताकद हीच आहे की कोणीही, कुठल्याही भाषेतून, तेच वाचतो. त्याची नियमावली, आरएफसी ८२५९, काही पानांतच संपते. जेसन मांडणाऱ्या डग्लस क्रॉकफर्डने त्यातून टिपा काढल्या त्यामागेही हेच होतं: लोक टिपांमध्ये वाचकाला आज्ञा लिहायला लागले होते, आणि मग प्रत्येक वाचक वेगळा वागला असता.

---

ऐंशी_कॉलम

आक्षेप बरोबर आहे. पण जेसनच्या त्याच आरएफसीमध्ये एक नाव दोनदा आलं तर काय करायचं हे वाचकावर सोडलंय. पायथॉन मुकाट्याने शेवटचं घेतं. तेव्हा कोणीही तेच वाचतो, हे म्हणण्यापुरतंच.

दुसऱ्या यंत्राला माहिती हवी असेल तर प्रोग्रॅमने तपासून झाल्यावर जेसन बाहेर काढून द्यावं. यंत्रासाठी जेसन, भिंतीसाठी ही फाइल. एकाच फाइलने दोघांची मर्जी राखायला गेलं की यॅमल तयार होतं. (यॅमलवाल्यांनी रागावू नये. रागावलात तरी चालेल.)

कोणती नावं चालतात आणि समोर काय यायला हवं याचा एक तक्ता मात्र कोडच्या बाहेर ठेवा, साध्या मराठीत. फाइलच्या पहिल्या ओळीत आवृत्तीही असू द्या. पुढे "फॅट घट" चा अर्थ बदललात तर जुनी फाइल नव्या अर्थाने वाचली जायला नको.

---

नोटपॅडवाला

स्पेसचा तो खड्डा मला माहीत नव्हता, आता माझ्या तीन फाइली तपासतो.

नोटपॅडवरून एक: जुन्या विंडोजचं नोटपॅड मुळात ज्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) जतन करतं त्यात मराठी बसत नाही. इशारा येतो, लोक बघत नाहीत, "ओके" दाबतात, आणि सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हं होतात. यूटीएफ-८ निवडलं तर फाइलच्या तोंडाशी एक अदृश्य खूण बसते. २०१९ च्या विंडोज १० अपडेटपासून नुसतं यूटीएफ-८ आपोआप होतं, पण तुमचे लॅपटॉप जुने म्हणालात. त्या खुणेमुळे पहिली ओळ ओळखू येत नाही. पायथॉनला "यूटीएफ-८-सिग" सांगून फाइल उघडा, खूण असो वा नसो चालतं.

---

फॅट_एसएनएफ

रविवारी बसून वाचक लिहिला. नमुना आता असा आहे:

# संघाच्या नव्या पत्रकाप्रमाणे
आवृत्ती = १
लागू = १ एप्रिल २०२५ सकाळ

[गाय]
मूळ फॅट = ३.५
मूळ एसएनएफ = ८.५
मूळ दर = ३४.००
फॅट घट प्रति पॉइंट = ०.५०

[वेळा]
सकाळ = ०५:४५ ते ०८:३०
संध्याकाळ = १७:३० ते १९:३०

आणि केंद्राची फाइल वेगळी:

आवृत्ती = १

[कपात]
वाहतूक = ०.७०
कमिशन = २%
उचल वसुली = हो
वाहतूक माफ = ००७, ००८, ०१०

टीप फक्त ओळीच्या सुरुवातीला # असेल तरच. ओळीच्या मध्येही चालू द्यावी असं आधी वाटलं होतं, पण एका केंद्राच्या पत्त्यात # निघालं. वेळेच्या आत विसर्ग आला तर त्यालाही नकार दिलाय, आणि संदेशात तसं स्पष्ट लिहिलंय. तारखेत महिना अक्षरी ठेवला, कारण १-४ की ४-१ यावर तालुक्यात एकमत होणं नाही. महिन्यांच्या नावांचा तक्ता केलाय. सप्टेंबर आणि सप्टेम्बर दोन्ही घेतो, तिथे हट्ट करून उपयोग नाही.

एकच अडलंय. म्हशीच्या दुधाला सूत्र नाही, फॅट आणि एसएनएफचा मोठा चौकोनी तक्ता येतो. तो या फाइलमध्ये कसा बसवू? ओळीत स्वल्पविराम टाकून?

---

ऐंशी_कॉलम

तो इथे बसवू नका. तो तक्ता संघाकडून एक्सेलमध्येच येत असणार, आणि दुरुस्तही तिथेच होणार. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) करून शेजारी ठेवा आणि या फाइलमध्ये फक्त नाव द्या:

[म्हैस]
दर तक्ता = म्हैस-एप्रिल.सीएसव्ही

फाइल तपासताना तो तक्ताही त्याच वेळी पूर्ण तपासा: सगळे रकाने भरलेत का, फॅट वाढलं तर दर कुठे कमी होत नाही ना, कुठे रिकामी जागा नाही ना. तक्त्यात एक जरी खोट निघाली तर दोन्ही फाइली नाकारा आणि जुने दर चालू ठेवा. गायीचा नवा आणि म्हशीचा जुना असं होऊ देऊ नका.

महिन्यांच्या तक्त्यात "अॉगस्ट" सुद्धा घाला. अ वर काना-चंद्र देऊन ऑ लिहिणारे बरेच आहेत, आणि एनएफसी तेही जोडत नाही.

---

फॅट_एसएनएफ

घातलं. पुढच्या बिलापासून दोन केंद्रांवर चालू करतोय, एक रस्त्याकडेचं आणि एक घाटातलं. बाकीचे जेसनवरच राहतील. काही निघालं तर इथेच लिहितो.